खोली क्रमांक चारचा रिकामा खिळा

प्रति,
मा. अधीक्षक,
मासेमारी विश्रामगृह विभाग,
बंदर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : खोली क्रमांक ४ मधील मुक्कामाची नोंद बंद करण्याबाबत आपण पाठविलेल्या पत्रास उत्तर.

संदर्भ : १) आपले पत्र, जावक क्रमांक ११७, दि. ३ मार्च.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.

महोदय,

१. अर्जदार हा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचण्याचे काम करतो. बावीस वर्षांत त्याने सरकारी कागदाविरुद्ध ब्र काढलेला नाही, कारण तो स्वतःच रोज चाळीस घरांच्या दारात सरकारी कागद घेऊन उभा असतो. घराला कुलूप दिसले तर 'घर बंद' असा शेरा मारायचा आणि सरासरी आकडा टाकून पुढे जायचे, हा त्याच्याही खात्याचा नियम आहे. आत माणूस आहे की नाही हे मीटरवाल्याने पाहायचे नसते. त्यामुळे आपल्या कार्यालयाची अडचण अर्जदाराइतकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही, एवढे सुरुवातीसच नमूद करणे उचित वाटते.

२. सदर मुक्कामाची हकीकत मागील सहा अर्जांत दिलेली आहे. तथापि आपल्या टेबलावर दर वेळी नवे साहेब असतात, सबब ती पुन्हा देण्यात येत आहे. अर्जदाराचे वडील शिंपी. ओठांत टाचण्या धरूनच बोलायचे, म्हणून गल्लीत त्यांना सारे टाचणीमास्तर म्हणत. त्यांचा पाण्याशी संबंध इस्त्रीच्या कापडावर शिंपडण्यापुरता. अशा माणसाच्या हाती आपल्या विश्रामगृहाचे माहितीपत्रक पडले, आणि सहकुटुंब समुद्रकाठी चार रात्री राहायचे, होडीतून मासे धरायचे, हे त्यांच्या डोक्यात जे बसले ते बसलेच. हा बेत अकरा वर्षे चालला. एका वर्षी अर्जदाराची रजा नामंजूर, एका वर्षी आईंचा गुडघा, एका वर्षी अर्जदारास मुलगी झाली. वडील मात्र दर थंडीत जिन्याच्या कठड्यावरून खाली ठेवलेल्या बादलीत गळ टाकण्याचा सराव करीत. बादली सापडत नसे. शेजाऱ्यांची दोरीवरची बनियने सापडत, व त्यावरून दोनदा भांडणे झाली.

३. त्यांनी कुटुंबातील पाचही जणांसाठी पाण्यात न भिजणाऱ्या कापडाचे कोट शिवले होते. नातीच्या कोटाला खाली व बाह्यांना चार-चार बोटे दुमड ठेवली होती. एवढी कशाला, असे अर्जदाराच्या पत्नीने विचारता, "पोर वाढते नि बेत लांबतो, दोन्हींची सोय केलीय सूनबाई," असे त्यांनी सांगितल्याचे ती आजही सांगते. शिवाय कापड बेतण्याच्या खाकी कागदावर त्यांनी खोलीचा नकाशा काढून कोणाची खाट कोठे ते लिहिले होते. खिडकीजवळची खाट आईंची. आईंनी समुद्र पाहिलेला नाही. तो कागद अद्याप घरी भिंतीवर आहे.

४. अखेर गेल्या वर्षी जानेवारीत आरक्षण मिळाले. अर्जदाराची रजा दि. २२ पासून होती, पण वडिलांना दम निघेना. जागा कशी आहे ते पाहून ठेवतो, तुम्ही आरामात या, असे म्हणून ते पाचही कोट घेऊन दि. २० रोजी एकटे पुढे गेले. आपल्या नोंदवहीत त्या दिवशी त्यांची सही असून कारकुनांनी समोर शेरा लिहिला आहे : "व्यक्ती पाच. हजर एक, चार मागाहून." हा शेरा कृपया ध्यानात असू द्यावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

५. आता किल्लीविषयी. आपल्या विश्रामगृहात दाराशी एक फळी आहे व तिच्यावर खोल्यांच्या क्रमांकाचे खिळे आहेत. पाहुणा होडीवर जाताना किल्ली खिळ्यावर टांगतो. संध्याकाळी किल्ली खिळ्यावर तशीच दिसली, तर पाहुणा पाण्यावर आहे असे समजून शोध सुरू होतो. किल्ली खिळ्यावर नसली, तर पाहुणा खोलीत आहे असे समजतात. व्यवस्था चांगली आहे. अर्जदारास तिच्यात खोट काढायची नाही.

६. परंतु अर्जदाराच्या वडिलांना वस्तू हरवण्याची खोड होती. कात्री गळ्यात बांधून ठेवणारा माणूस तो. निघण्याच्या आदल्या दिवशी अर्जदाराने त्यांना बजावले, "किल्ली कोणाकडे देऊ नका, कुठे टांगू नका, सरळ खिशात ठेवा." त्यावर ते लागलीच यंत्रावर बसले आणि आपल्या कोटाला आतून एक खिसा लावला. वर बटण, बटणावर पट्टी, उलटे टांगले तरी किल्ली पडणार नाही असा. मुलाचा शब्द त्यांनी कधी नव्हे तो ऐकला. दि. २१ रोजी सकाळी ते होडी घेऊन गेले तेव्हा किल्ली त्या खिशात होती, आणि फळीवरचा चार क्रमांकाचा खिळा रिकामा होता. फळीच्या हिशेबी वडील खोलीत होते.

७. धक्क्यावरील नावाड्यास एक होडी कमी दिसली, पण ती दुरुस्तीला गेली असावी असे त्यास वाटले. इकडे शहरात मोठी जलवाहिनी फुटल्याने अर्जदाराची रजा दोन दिवसांनी पुढे ढकलण्यात आली. ते कळविण्यासाठी अर्जदाराने दि. २१ रोजी संध्याकाळी विश्रामगृहात फोन केला. कारकुनांनी फळी पाहून सांगितले, "आहेत, खोलीतच आहेत. झोपले असतील. निरोप देतो." दि. २२ रोजी दुपारी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच उत्तर, आणि वर "फार शांत पाहुणे आहेत हो तुमचे वडील," असे कौतुकही. अर्जदाराने ते घरी सांगितले, आणि घरातले सगळे हसले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात शांत बसलेले नाहीत, समुद्रापुढे गप्प झाले म्हणायचे, असे आई म्हणाल्या. त्या हसण्याची आठवण झाली की अर्जदार ताटावरून उठतो. अर्जात असे लिहीत नाहीत हे त्यास ठाऊक आहे.

८. दि. २३ रोजी होडी बंधाऱ्याच्या दगडांत उलटी सापडली. गळाची काठी तिला बांधलेली होती, गाठ शिंप्याची होती. वडील सापडले नाहीत. अर्जदार त्याच रात्री एकटा आला, नऊ दिवस बंदराच्या चौकीतील बाकावर राहिला आणि रिकाम्या हाती परत गेला. विश्रामगृहात तो मुक्कामास नव्हता, म्हणून नोंदवहीत त्याची सही नाही. दुसऱ्या किल्लीने खोली उघडली तेव्हा रखवालदारासोबत उंबऱ्यात उभे राहून त्याने आत पाहिले. चार कोट मापाच्या उतरत्या क्रमाने खुंट्यांवर टांगलेले होते. खिडकीजवळच्या खाटेवर चादर नीट घालून उशी समुद्राकडे लावलेली होती. पाहुण्याने 'जाणे' या रकान्यात सही केलेली नसल्याने आतील वस्तूंना हात लावता येत नाही, असे सांगून रखवालदाराने दार लावले. सांगताना तो रडत होता, हेही नमूद करण्यात येते. नियम त्याने केलेला नाही.

९. तेव्हापासून अर्जदाराचे वडील आपल्या कागदोपत्री खोली क्रमांक ४ मध्ये मुक्कामास आहेत. मृत्यूच्या दाखल्यासाठी निबंधकांकडे गेले असता, जी व्यक्ती सरकारी नोंदीने एका ठिकाणी हजर आहे ती तेथून गेल्याचा पुरावा आणा, असे सांगण्यात आले. तो पुरावा आपल्याकडे मागितला असता, पाहुण्याने स्वतः येऊन सही केल्याखेरीज देता येत नाही, असे उत्तर मिळाले. पाहुण्यास कोठून आणावे हे कोणत्याही पत्रात लिहिलेले नाही. मे महिन्यात वडिलांच्या नावे घरी छापील सूचना आली की, खिडकीत ओले कपडे वाळत घालू नयेत. ऑगस्टमध्ये मुक्काम कसा वाटला, गाद्या मऊ आहेत काय, अशी प्रश्नावली आली. अर्जदाराच्या मुलीने तीत 'मऊ' समोर खूण केली, ती अर्जदाराने पाठविली नाही. ऑक्टोबरमध्ये आईंनी ती खोली एकदा पाहायची म्हटले, म्हणून रीतसर आरक्षण मागितले. ते या कारणास्तव नाकारण्यात आले की, "आपले कुटुंब सध्या मुक्कामी असून एका कुटुंबास एका वेळी एकच खोली मिळते." हे पत्र वाचून अर्जदार मीटरची वही घेऊन एका परक्या घराच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिला. त्या घरच्या बाईंनी पाणी आणून दिले.

१०. सहाही अर्जांत अर्जदाराने हात जोडून एकच मागणी केली होती, की 'जाणे' रकाना भरावा. तेरा महिन्यांनी आपले संदर्भीय पत्र आले. विश्रामगृहाची जुनी नोंदवही दि. ३१ मार्च रोजी बंद होत असल्याने विशेष बाब म्हणून वारसाने सही करावी, अन्यथा कार्यालय स्वतः तारीख घालून नोंद करील व खोलीतील वस्तू टपालाने पाठवील, असे आपण कळविले. अर्जदाराचा जीव भांड्यात पडला. त्याने ते पत्र आईंना वाचून दाखविले.

११. आई शिकलेल्या नाहीत, पण चाळीस वर्षे काजे-बटणे केलेली बाई आहे, कोणता टाका आधी नि कोणता मागून हे तिला चांगले कळते. ("आहेत" असे लिहावयास हवे होते, चुकीबद्दल क्षमा असावी.) त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते गेले हे मला काय कागदानं कळायचंय? मी येडी नाही. पण ते पुढं गेले ते आपली सोय बघायला. आपण पोचलोच नाही रे. आपलं येणं लिहिल्याबिगर त्यांचं जाणं कसं लिहिता?"

१२. नंतर अर्जदाराने आपल्या विश्रामगृहाची नियमावली काढून पाहिली. नियम ९ पुढीलप्रमाणे आहे : "एका नोंदीखालील सर्व व्यक्तींचे येणे पूर्ण झाल्याखेरीज ती नोंद बंद करू नये." सदर नोंद पाच व्यक्तींची असून तीत एक हजर व चार मागाहून असा आपल्याच कारकुनांचा शेरा आहे. त्या चार व्यक्ती अद्याप यावयाच्या आहेत, आणि यावयाच्या नाहीत असे त्यांनी कधीही कळविलेले नाही. म्हणजे आईंचे म्हणणे आपल्या नियमाशी तंतोतंत जुळते. ज्या नियमांनी अर्जदाराचा बाप दोन दिवस खोलीत झोपवून ठेवला, त्यांतला एक तरी नियम आता त्या बापाच्या बायकोच्या उपयोगी पडावा, एवढेच अर्जदाराचे मागणे आहे. वाक्य उद्धट झाले असल्यास ते तसेच राहू द्यावे.

१३. सबब विनंती की,

(अ) दि. ३१ मार्चपूर्वी कार्यालयाने परस्पर कोणतीही तारीख घालू नये व कोट टपालाने पाठवू नयेत.

(आ) अर्जदार, त्याची पत्नी, मुलगी व आई या चौघांस दि. २७ मार्च रोजी त्याच नोंदीखाली, त्याच खोलीत 'येणे' लिहिण्यास परवानगी द्यावी. ठरल्याप्रमाणे चार रात्री राहावयाचे आहे. होडी नको. गळ नको.

(इ) खिडकीजवळची खाट हलविली असल्यास पूर्ववत ठेवावी.

(ई) आमच्या मुक्कामात दुसरी किल्ली चार क्रमांकाच्या खिळ्यावर टांगू नये. तो खिळा रिकामा दिसला की पाहुणे खोलीत आहेत असे समजण्याची आपली रीत आहे, आणि त्या चार दिवसांत तसे समजण्यास कोणाचीही हरकत नाही.

दि. ३१ रोजी सकाळी 'जाणे' रकान्यात पाचांच्या वतीने अर्जदार सही करील, व त्यानंतर आपल्या कार्यालयास त्याचा पुन्हा त्रास होणार नाही. किल्ली खिशात ठेवा असे सांगितले ते त्यानेच, तेव्हा ही सही आईंना करावी लागू नये असे त्यास वाटते.

आपला, अजूनही नम्र,

(सही)
अर्जदार,
खोली क्रमांक ४ मधील पाहुण्यांचा मुलगा

दि. ११ मार्च

सोबत :
१) आरक्षणाच्या पावतीची प्रत.
२) आपल्याकडून आलेली पत्रे, नऊ. त्यांतील प्रश्नावली कोरी समजू नये, भरलेली आहे.
३) खाटांचा नकाशा, खाकी कागदावर. पाहून परत द्यावा, भिंतीवर जागा मोकळी दिसते.
४) किल्लीच्या खिशाची कागदी कापणी, एक. वडिलांच्या पेटीत मिळाली. किल्ली खिळ्यावर का नव्हती, याचा पुरावा म्हणून.
५) अर्जदाराच्या मुलीचे आजचे माप, आजीने घेतलेले. चौदा महिन्यांत तीन बोटे वाढली आहे. दुमड पुरेल.