बागेतली बस

प्रिय धाकटे,

एकदाचा जीव भांड्यात पडला! आपली वेडीवाकडी वाट वाचली, आणि तिला तुझ्या आईचं, म्हणजे माझ्या मावशीचं, नावही मिळालं. काल बागेच्या समितीने ठरवलं. इतकी वर्षं या बागेत नोकरी करतेय, पण गेला महिना घास घशाखाली उतरत नव्हता.

जुन्या नकाशात ही वाट सुतासारखी सरळ होती. मावशी बागेची प्रमुख झाली आणि तिने वाटेला वळणं दिली. नव्या वास्तुविशारदाला ती पुन्हा सरळ करायची होती, वळणावळणावरची बुटकी बाकंही काढायची होती. मी भांड भांड भांडले, पण तो ढिम्म हलेना. मग एका रविवारी तो स्वतःच्या आईला बाग दाखवायला घेऊन आला. बाई गुडघ्यांनी बेजार. वळण आलं की टेकायच्या, पुढचं दिसलं की उठायच्या, असं करत अख्खी बाग फिरल्या आणि या वाटेला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे, असं लेकाला बजावून गेल्या.

आमचे माळी त्या बाकांना 'बस' म्हणतात. दुसऱ्या बसपाशी पाणी सोड, शेवटच्या बसवरची फांदी छाट. मग इथे बस येते कधी, हा विनोद रोज एक तरी पाहुणा करतो, तोही आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्याच्या थाटात.

ही 'बस' तुझी आहे गं. तू अगदी लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठलीस तेव्हा पायांत बळच नव्हतं. मावशी तुझं बोट धरून रोज बागेत चालवायची. दमलीस की फतकल मारून तू ओरडायचीस, बस! म्हणजे पुरे की खाली बस, देव जाणे. तिथे मावशी खुंटी ठोकायची; खुंट्या माझ्या फ्रॉकच्या ओच्यात असायच्या. समोर लांबलचक वाट दिसली की तू रडायचीस, म्हणून तिने ती वळवली, पुढच्या बाकापुरतीच दिसेल अशी. बाकंही तुझ्या उंचीची. तू धावायला लागलीस तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना यातलं काही बोलायला बंदी केली. लेकीने स्वतःला कधी अधू समजू नये, एवढंच तिला हवं होतं.

आणि तू मात्र बागेला सावत्र बहीण म्हणत आलीस. परवा फोनवरही म्हणालीस की आईचा सगळा वेळ हिनेच खाल्ला, उद्या हिला आईच्या नावाची पाटी लागली तरी मी कशाला येऊ? म्हणून आज मावशीचा शब्द मोडून हे लिहितेय. पाटी लावायला ये गं. गुडघे आता तुझेही कुरकुरतात. दमलीस की बस म्हण, बाक तिथेच आहे.

तुझीच,
खुंट्यावाली ताई