घामातून सगळं निघून जातं

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. "रोज खेया पोट्टेहो, दवाखान्याची पायरी चढा लागणार नाई," असं तुम्ही बाभुळगावच्या शाळेच्या मैदानावर इतक्या वेळा सांगितलंत की ते आमच्या हाडांत मुरलं. मी आता यवतमाळात जीवशास्त्र शिकवतो, पन्नाशी ओलांडली, तरी रोज सकाळी टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो. फायदा नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू? रक्तदाब आटोक्यात आला, जिना चढताना धाप लागत नाही, रात्री अंग टाकलं की झोप लागते. पण आमचं मैदान तुम्ही पाहाल तर तिथल्या तिथे पाठ फिरवाल.

आमच्या ग्रुपात वकील आहेत, कापसाचे व्यापारी आहेत, मास्तर आहेत. सगळ्यांच्या टी-शर्टवर पाठीमागे 'आरोग्यासाठी क्रिकेट' छापलंय आणि सगळ्यांच्या गालात खर्रा. पानठेल्यावरून घोटून आणलेल्या खर्ऱ्याची पन्नी नाणेफेकीच्या आधी हातोहात फिरते. तंबाखू-सुपारी-चुन्याचा तो गोळा गालात कोंबल्याशिवाय एकाचाही पाय क्रीजकडे वळत नाही. मिडऑफला गवत उरलेलं नाही, नुसते लाल डाग. कॅचसाठी झेप घेतली तर हात कशात पडेल याचा नेम नाही. सीमेपार गेलेला चेंडू दोन बोटांनी उचलायचा, पँटला पुसायचा आणि बॉलरकडे फेकायचा. खेळ संपला की तर्री-पोहे, वर पुन्हा खर्रा, आणि लाल दात दाखवत एकमेकांच्या फिटनेसचं कौतुक. शिसारी येते, सर. तरी मी रोज जातो.

तुमचा लाडका विकेटकीपरही आमच्यातच आहे. तोच, ज्याने नववीत पहिल्यांदा खर्रा खाल्ला आणि भर सामन्यात यष्टीमागेच ओकला. मला तो दिवस अजून समोर दिसतो. तुम्ही पळत येता. आम्हाला वाटतं, आता याच्या कानाखाली वाजणार. तुम्ही खिशातून पांढरा रुमाल काढता, त्याचं तोंड पुसता आणि म्हणता, "अबे, ज्या तोंडानं अपील कराची, त्या तोंडात हे काहून भरतं?" मग स्वतः बादली आणून जागा धुता. आम्ही नाक दाबून लांब उभे. पुढचा आठवडाभर तुम्ही त्याला ग्लोव्हजना हात लावू दिला नाहीत. त्याला चार थपडा परवडल्या असत्या. खर्रा मात्र सुटला नाही, तुमच्यापासून लपवून खाणं तेवढं तो शिकला.

गेल्या वर्षभरात त्याचं अपील बदललं. पूर्वी रस्त्यावरचे ऑटोवाले वळून बघायचे. आता दातांच्या फटीतून गुरगुरल्यासारखं काहीतरी येतं. पोरं त्याची नक्कल करतात, तोही हसतो, आणि मीही हसत आलो.

रविवारी ग्रुपचा वर्धापनदिन होता. 'क्रिकेटचे आरोग्याला फायदे' यावर भाषण माझ्याकडे, कारण मी विज्ञानाचा मास्तर. हृदय, फुप्फुसं, हाडं, नजर, मनावरचा ताण, सगळं नीट सांगितलं. शेवटी टाळ्यांच्या मोहाने बोलून गेलो, "घाम गाळा, शरीरातली सगळी घाण निघून जाते." टाळ्या पडल्या. मग सर्वांत तंदुरुस्त खेळाडू म्हणून त्याचा सत्कार झाला. पाहुण्यांनी फोटोसाठी बुंदीचा लाडू त्याच्या तोंडाशी नेला. फोटोवाला ओरडला, "आ करा न भाऊ, मोठ्ठा आ करा!" त्याचं तोंड जेमतेम बोटभर उघडलं. पाहुण्यांनी लाडू रेटला. लाडू फुटला आणि लाल लाळेत भिजलेली बुंदी हारावर ओघळली. अख्खा मंडप खदाखदा हसला. सगळ्यांची तोंडं सताड उघडी होती. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती. ती हसत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "तुझं तोंड उघडत नाही. हे साधं नाही. दवाखान्यात चल."

"मले काय होते बे? रोज घाम गायतो. तूच तं सांगतलं सकाळी, घामातून सगळी घाण निंघून जाते."

"मी मूर्खासारखं बोललो. तोंडातलं घामातून जात नाही."

"तिखट खाल्लं का आग होते, बाकी काई नाई."

त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, "भाऊजी, तुमीच पाहा न एकडाव. माह्यं तं आयकत नाई. तुमच्या शब्दावर जातीन ते."

तोही तयार झाला. "हो, तू पाह्य. तू म्हणशीन तं उद्याच जातो." बल्बखाली आला आणि बोटाने गाल ओढून तोंड माझ्यासमोर धरलं. मी मोबाईलचा उजेड पाडला. वास आला आणि मी नजर त्याच्या कानाकडे वळवली. "विशेष काही दिसत नाही," म्हणालो. त्याने सुटकेचा श्वास टाकला. बायकोने चहाचं आधण ठेवलं. मी चहा न घेताच निघालो, शाळेच्या पेपरांचं निमित्त सांगून.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, मैदानावर तो सगळ्यांना सांगत होता, "आपल्या मास्तरनं पाह्यलं, काई नाई म्हने." आणि खुशीत त्याने सगळ्यांना आपली पन्नी वाटली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तर एवढं लिहिता आलं. इतका वेळ मी खर्ऱ्यावर, थुंकीवर, त्या पाहुण्यांवर तोंडसुख घेतलं. खरी किळस मला माझ्या मित्राची आली, सर. उद्या खेळाआधी त्याच्या घरी जायचं आणि त्याच्या बायकोसमोर एवढंच सांगायचं, असं ठरवलंय: परवा मी पाहिलंच नव्हतं.