तुझा कॉम्प्युटर मी पुसला

बारामती,
जून १९९८

प्रिय विकी,

तू घरी ठेवून गेलेला कॉम्प्युटर मी पुसून टाकला. सगळा. आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तुझ्या कॉलेजच्या फाइली फ्लॉपींवर घेतल्यात, पार्सलनं पाठवते. ते गाड्या पळवायचे गेम मात्र गेले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. ‘आई, हात लावू नकोस, बिघडवशील,’ असं तू फोनवर म्हणालास ना, तेव्हाच ठरवलं. अरे, तीस वर्षं मी या गावाला टायपिंग शिकवतेय! पुण्याच्या नोकरीच्या परीक्षेत तुझी बोटं पळाली ती कुणाच्या क्लासात शिकून?

क्लास ओस पडत चाललाय हे खरं. निम्मे टाइपरायटर झाकलेलेच असतात. लासुर्ण्याहून एस.टी.नं येणारी म्हाळसा रोज दारातच विचारायची, बाई, कॉम्प्युटर कधी शिकवणार? मग मी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसले. डिस्क कशी पुसतात, तिचे भाग कसे पाडतात, सगळं बघून घेतलं. दुकानदार हसला. हसू दे मेल्याला.

सोमवारी कॉम्प्युटर क्लासात आणून फ्लॉपी घालून बसले. जुना भाग उडवला, नवे दोन पाडले: एक विंडोजला, एक पोरींच्या कामाला. सगळं जाईल, चालेल का, असं तो पडद्यावर विचारतो. तुझ्या फायलींच्या फ्लॉपी पुन्हा एकदा मोजल्या आणि होकार दिला. फॉरमॅट अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली! म्हाळसाला रडूच फुटलं. मी म्हटलं, गप गं, पुसलेलं परत पुसायला काय जातंय? लाईट आल्यावर पहिल्यापासून केलं. संध्याकाळी विंडोज उघडलं, तेव्हा आम्ही दोघी टाळ्या पिटत होतो.

आता मुद्द्याचं. पुढच्या रविवारी तू गिऱ्हाईक म्हणून सर्जेरावांना क्लासचा गाळा दाखवायला आणतोयस आणि टाइपरायटर भंगारात द्यायचं म्हणतोयस, हे मला बाहेरून कळलं. आईला विचारावंसं वाटलं नाही तुला? फार लागलं मला. गाळा माझ्या नावावर आहे आणि मी तो विकणार नाही. तुझ्या फ्लॅटात टीव्ही बघत बसायलाही येणार नाही. रविवारी सकाळी माझी पहिली कॉम्प्युटर बॅच आहे. आणायचंच असेल तर सर्जेरावांच्या सुनेला आण, तिचं नाव घालते. तू एकटा आलास तरी चालेल. चपला मात्र दाराबाहेर काढ. माझ्या कॉम्प्युटरला धूळ चालत नाही.

तुझीच, पण तुझं न ऐकणारी,
आई