शेड पाडली तर घर मिळणार नाही

मी, खाली सही करणारी, विद्यापीठाच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातून निवृत्त झालेली प्राध्यापिका, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी, चष्मा लावून, कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी जात राहिले. मध्येच त्यांचाच हिशेब चुकला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाच्याकडे एखादे निघाल्यास ते माझे समजू नये.

कलम पहिले : हत्यारे

माझे सर्व पाने, पकडी, करवती आणि छोटे लेथ यंत्र विभागामागच्या शेडला द्यावे. ही शेड म्हणजे माझे अर्धे आयुष्य, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द.

मी नोकरीला लागले तेव्हा तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. वर्गातली मुले फळ्यावर पंपाची आकृती डोळे मिटून काढत. पण खरा पंप पुढ्यात ठेवला तर पाणी कुठून शिरते हे शोधत त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत. मी ती जागा मागितली. तेव्हाचे विभागप्रमुख कडक इस्त्रीशिवाय घराबाहेर पडत नसत, म्हणून सगळे त्यांना इस्त्रीसर म्हणत. ते म्हणाले, "मॅडम, हे विद्यापीठ आहे, गॅरेज नव्हे. मुलांचे हात काळे होतील."

"धुतले की निघतात, सर," मी म्हटले.

अर्ज थेट कुलगुरूबाईंकडे गेला आणि त्या स्वतः पाहायला आल्या. मुलांनी त्यांच्यासमोर जुना पंप उघडला. आत पाणी तुंबले आहे हे कोणाच्याच ध्यानात नव्हते. कुलगुरूबाई नखशिखान्त भिजल्या. इस्त्रीसरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. बाईंनी तोंड पुसले आणि मुलांना म्हणाल्या, "उघडायला कोणालाही येतं. आता जोडून चालू करून दाखवा." त्या तशाच ओल्या कपड्यांत स्टुलावर बसून राहिल्या. पंप चालू झाला आणि शेड आमची झाली. शिवाय एक तंत्रसहायक, दरवर्षी साहित्यासाठी वेगळी तरतूद, आणि वेळापत्रकात हाताने शिकण्याचे तास. त्या दिवसापासून मला पंपाबाई हे नाव पडले, ते आजतागायत चिकटले आहे.

इस्त्रीसर हयात आहेत. त्यांना माझ्या मालमत्तेतून साबणाची एक वडी द्यावी. चांगली, वासाची.

कलम दुसरे : काठी

हॉलमधली लाकडी काठी माझ्या धाकट्या बहिणीला द्यावी.

आमचे हे, आता हयात नसलेले, संगीताचे मास्तर. एका दुपारी भिंतीला डोके टेकून पडले होते. म्हणाले, "अगं, ही भिंत एकाच सुरात गुणगुणतेय." मी म्हटले, झोपा. थोड्याच दिवसांत त्या भिंतीचा गिलावा भिजून खाली आला. आत नळ गळत होता. माझ्या नवऱ्याने ते कानांनी ओळखले होते आणि मी, पाण्यात पीएच.डी. केलेली, कूस बदलून झोपले होते.

तिथून आमचे संशोधन सुरू झाले. काठीचे एक टोक नळावर, दुसरे कानामागच्या हाडाशी. गळतीचा आवाज कुठे वाढतो त्यावरून जागा हुडकायची. विद्यापीठाने संशोधनासाठी निधी दिला आणि मुले काठ्या घेऊन गल्लोगल्ली फिरू लागली. परक्यांच्या भिंतींना कान लावणारी टोळी पाहून लोकांनी पोलीस बोलावले. मी ठाण्यात पोचले तेव्हा मुले ओळीने बाकावर बसली होती.

"भिंतीतून काय ऐकता तुम्ही?" इन्स्पेक्टर विचारत होते.

"पाणी, साहेब."

"आणि मी काय तुम्हाला दूधखुळा वाटतो?"

मी काठी त्यांच्याच नळाला लावून त्यांच्या हाती दिली. ते ऐकत ऐकत सरकत गेले, ते थेट कोठडीच्या दारापर्यंत. तिथली फरशी उखडल्यावर खाली डबके सापडले. मुले सुटली.

बहिणीच्या कानांचे पडदे लहानपणच्या आजाराने गेलेले, तिला ऐकू येत नसे. आमचा हा काठीचा खेळ ती लांबून बघायची. एकदा सहज मी काठी तिच्या कानामागच्या हाडाला टेकवली. तिने माझे मनगट घट्ट धरले. "अगं ताई, पाणी बोलतंय!" त्यानंतर गळती शोधायला ती आमच्याबरोबर येऊ लागली आणि आमच्यात सर्वांत पुढे गेली, कारण रस्त्यावरचा गोंगाट तिला मध्ये येत नसे. काठीवर आम्ही लिहिलेल्या शोधनिबंधावर तिचेही नाव आहे. त्या काठीवर तिचाच हक्क आहे. मात्र माझ्या माघारी तिने त्या काठीने भाच्याला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, हाणू नये.

कलम तिसरे : लेखन

माझे सर्व निबंध, आकृत्या आणि शेडमध्ये शिकवण्याच्या पुस्तिका कोणालाही फुकट वाचता, छापता, भाषांतर करता आणि सुधारता येतील. श्रेय द्यावे, एवढीच अट.

याला कारण आहे. काठीवरचा निबंध एका नामांकित नियतकालिकात आला तेव्हा मी पेढ्यासारखी गोड झाले होते. लिहिणारे आम्ही, तपासणारे आमच्यासारखेच दुसरे प्राध्यापक, तेही विनामूल्य. निवृत्त झाल्यावर एकदा तो निबंध संगणकावर उघडायला गेले, तर पैसे भरा म्हणून पाटी आली. गाय आमची, चारा आमचा, धार आम्ही काढली, आणि दूध मागायला गेलो तर गवळी म्हणतो, आपण कोण?

मी तडक ग्रंथपालांकडे गेले. हे गृहस्थ हळू बोलतात, पण मागे हटत नाहीत.

"मॅडम, छापण्याआधीची तुमची अंतिम प्रत आहे का?"

"आहे."

"करारात लिहिलंय की ती विद्यापीठाच्या खुल्या भांडारात ठेवता येते. कोणी वाचतच नाही करार."

"मीही नव्हता वाचला."

"मग आता सगळ्यांचेच वाचू," ते म्हणाले, आणि खरोखर विभागाविभागांत जाऊन बसले. पुढे विद्यापीठाने नियमच केला: इथले संशोधन खुले राहील, आणि त्यासाठी प्रकाशन खर्च लागला तर विद्यापीठ भरेल. इस्त्रीसर, केव्हाच निवृत्त झालेले, तरी सभेत येऊन म्हणाले, "फुकट मिळतं त्याला किंमत नसते." ग्रंथपाल म्हणाले, "हवा चालेल का, सर, विकत?"

निबंध खुला झाल्यावर एका सकाळी फोन आला. कुठल्याशा दूरच्या गावातल्या रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका बोलत होत्या. त्यांच्या तळघरात पाणी साचत होते, वर शस्त्रक्रियागृहात नळ कोरडे. दुरुस्तीवाले सगळी इमारत खणायला निघाले होते आणि रुग्ण दुसरीकडे हलवायचे ठरत होते.

"तुमचा निबंध वाचला. सापडली गळती. एकच फरशी काढावी लागली. रुग्ण इथेच आहेत," त्या म्हणाल्या.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "लाकूड कुठलं वापरलंत?"

"फरशी पुसायच्या मॉपचा दांडा."

"निबंधात कठीण लाकूड सांगितलंय."

"अहो बाई, आमच्याकडे मॉपच होता!"

आम्ही शेडमध्ये मॉपचे दांडे आणून तपासले. चालतात. सुधारित आवृत्तीत त्या परिचारिका सहलेखिका आहेत.

कलम चौथे : बचत

बँकेतली सर्व शिल्लक दोन जागी सारखी वाटावी: शेडमधल्या मुलांनी तोडमोड करावी म्हणून, आणि त्यांचे पहिले लेखन खुले छापले जावे म्हणून. तोडमोडीचा जाब विचारू नये. मोडलेले न जोडल्यास अवश्य विचारावा.

कलम पाचवे : घर

गेल्या हिवाळ्यात कुलसचिव फुले घेऊन आले. मला मूल नाही हे त्यांना कळले होते. आधी तब्येत, मग घराची जागा किती मोक्याची, मग अतिथीगृहाची निकड. मी विचारले, "शेडचं काय चाललंय?"

"तिथे वातानुकूलित सभागृह येतंय, मॅडम. प्रत्यक्ष शिक्षणावर परिषद भरवायची आहे."

"शेड पाडून?"

"तात्पुरती अडचण होईल मुलांची."

मी फुले पाण्यात ठेवली आणि वकिलांना फोन केला. सबब, हे घर विद्यापीठाला मिळेल, पण शेड जागेवर उभी, चालू आणि मुलांसाठी उघडी असेल तरच. शेड पाडली तर घर थेट ग्रंथपालांच्या खुल्या भांडाराच्या विश्वस्त निधीला जाईल. ही अट मी कुलसचिवांना वाचून दाखवली. सभागृहासाठी दुसरी जागा पुढच्याच बैठकीत सापडली.

वरचा मजला बहिणीकडे ती असेतो राहील. खाली मुलांचा अभ्यास चालेल. ती म्हणाली, "मी काय पोरांच्या गोंगाटात राहू?" मी तिच्या समोर बसून, ओठ नीट हलवून विचारले, "तुला ऐकू कुठे येतं?" दोन दिवस अबोला होता.

कलम सहावे : भाचा

बहिणीच्या चिरंजीवांनी हे घर विकायला माणूसही शोधून ठेवला होता. त्यांना माझी मोटार द्यावी. ती ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. ढकलायला पोरगा दणकट आहे, आणि मनाने वाईट नाही. फक्त घाईचा आहे.

कलम सातवे : देह

माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला शिकण्यासाठी द्यावा. चौकशीला फोन केला तेव्हा कारकून म्हणाला, "अर्जदाराला समक्ष यावं लागेल." मी म्हटले, "येणारच आहे, पण घाई करू नका."

बहिणीला हे पटत नाही. ती काल रडली. "तिथे एकटीच पडून राहशील गं."

"एकटी कुठे? वर्गभर पोरं असतील."

मुलांनी घाबरू नये. नुसते बघत उभे राहू नये, हात लावावा. मागच्या रांगेतल्यांना पुढे घ्यावे. मी नेहमी घेत असे.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी ग्रंथपालांना नेमते. मजकूर वाचून, समजून, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून सही करत आहे.

(सही) पंपाबाई, निवृत्त प्राध्यापिका

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली आणि ज्यांना यातले काहीही मिळायचे नाही:
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) शेजारचे चष्मेवाले

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : ९ मार्च, सोमवार

टीप : लाभार्थ्याची साक्ष चालत नाही असे वकिलांनी परोपरीने समजावूनही माझ्या बहिणीने खाली सही केली आहे. ती साक्ष धरू नये. कलम सातव्याविरुद्धचे भांडण धरावे, आणि ते जन्मभर चालू आहे अशी नोंद घ्यावी.

(सही) धाकटी