गाडी कोठे शे तुन्ही

नाना, आज आखाजी. सकाळी घागर भरली. खरं तर घागर भरायची ती घरच्या मुलानं, आपल्या पितरांसाठी. मी दिल्या घरची. पण इथं जळगावला, यांच्या घागरीच्या शेजारी मी दरवर्षी आणखी दोन लहान घागरी मांडते, एक तुमची आणि एक आपल्या धाकट्याची. वर खरबूज ठेवते, पुढं सांजोरी आणि आंबा. सासूबाई होत्या तोवर नाक मुरडायच्या, माहेरचे पितर सासरी आणून बसवलेस म्हणायच्या. मग त्यांनी जावं कुठं, धुळ्याच्या घराला कुलूप आहे, असं मी फाडकन सांगायची. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. तिला हाड नाही, आणि ती मला तुमच्याकडूनच मिळाली. आज सगळे जेवून आडवे झालेत आणि मी मुलाच्या जुन्या वहीचे कोरे कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगायची तर आधी बाकीचं सगळं सांगावं लागेल, म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेलंच.

तुम्ही एसटीच्या डेपोत सत्तावीस वर्षं गाडी चालवलीत. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि धाकटा चारचा. तेव्हापासून चूल माझ्याकडं, धाकटा माझ्या कडेवर, आणि तुम्ही ड्यूटीवर. घाटातली गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली की तुमच्या आधी आम्हीच पुढचं वाक्य म्हणायचो. साक्रीच्या पुढं, उतारावर गाडीचे ब्रेक गेले. कंडक्टर उडी मारून मोकळा झाला. तुम्हालाही दार होतं, पण तुम्ही गाडी डोंगराला घासत घासत नेलीत, खांदा मोडून घेतलात आणि आतली बठ्ठी, एकूणएक माणसं जिवंत ठेवलीत. डेपोत सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला, छातीवर बिल्ला आला. गोष्टीच्या शेवटी तुम्ही बोट वर करून म्हणायचात, "जो गाडी सोडीसन पळस, तो डायवर नही." धाकटा मान डोलवायचा. मला हसू यायचं, पण खोटं कशाला बोलू, माझीही मान ताठ व्हायची.

हवाई दलात तो पायलट झाला तेव्हा तुम्ही आख्ख्या डेपोला पेढे वाटलेत. तेही साधं विमान नव्हे, लढाईचं. नव्वद साल अजून उजाडायचं होतं, आपल्या गल्लीत फोनसुद्धा एकाच घरी होता. कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, आमना पोर भी डायवरच शे, फक्त त्यानी गाडी वरथून चालस. सुट्टीत आला की तो मला त्या वरच्या गोष्टी सांगायचा. विमान जोरात वळवलं की छातीवर पाच-सहा माणसं बसल्यासारखं वाटतं, हात उचलत नाही, डोळ्यांपुढचा रंग जातो आणि सगळं राखेसारखं दिसायला लागतं. त्या वेळी पोट आवळून धरायचं आणि श्वास सोडायचा नाही. मी म्हटलं, मग करतोस कशाला असले धंदे. तो म्हणाला, अक्का, रंग परत येतो ना, तेव्हा खाली शेतं इतकी हिरवी दिसतात की काय सांगू.

मग तो उन्हाळा. टेकऑफ झाल्या झाल्या त्याच्या विमानाच्या इंजिनात पक्षी गेला. एकच इंजिन, ते बंद पडलं. त्यानं विमानाचं तोंड नदीच्या मोकळ्या पात्राकडं वळवलं आणि गुडघ्यांमधली मूठ ओढली. ती मूठ ओढली की माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जातो आणि पुढं छत्री उघडते. तो वाचला, पण फेकला गेल्याच्या दणक्यानं पाठीचा मणका दबला. दोन महिने दवाखान्यात काढून, कमरेला पट्टा बांधून घरी आला. मी त्याच्यासाठी माहेरी आले होते, मी दृष्ट काढली. तुम्ही ड्यूटीवरून आलात, हातपाय धुतलेत, त्याच्यासमोर पाटावर बसलात. मी कळण्याची भाकरी वाढत होते. तुम्ही त्याला पाठीचं विचारलं नाहीत. भाकरी मोडता मोडता म्हणालात, "मंग, गाडी कोठे शे तुन्ही?"

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला घास त्यानं ताटात ठेवला. हळू आवाजात म्हणाला, नाना, गाडी नवी बनते, पायलट बनायला वर्षं लागतात, आम्हाला तसंच शिकवतात. तुम्ही म्हणालात, शिकवत असतील. आणि जेवत राहिलात. एवढंच झालं. ना तुम्ही ओरडलात, ना तो उठून गेला. मी तिथंच उभी होते, हातात भाकरी घेऊन. माझ्या जिभेला कधी नव्हे ते त्या दिवशी हाड फुटलं. नाना, त्याची पाठ बघा, एवढं तरी म्हणायचं होतं मी. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून तो मला म्हणाला, अक्का, मूठ ओढायची ती विचार न करता. खाली जमीन जवळ असली की दोन सेकंद मिळतात. त्यात माणूस विचार करत बसला तर संपला. मी विचारलं, कसला विचार? तो नुसता हसला आणि पट्टा सैल करून आत गेला.

पाठ बरी झाली, तो पुन्हा उडायला लागला. पुढच्या वर्षी, संक्रांतीनंतर, तार आली. सकाळच्या धुक्यात अगदी खालून उडताना विमान कोसळलं. या वेळी तो बाहेर पडला नव्हता. पेटी आली ती बंद, आणि ती उघडू नका म्हणून सांगितलेलं. सोबत त्याचा मित्र आला होता, त्याच्याच बरोबरीचा पायलट, मिशीसुद्धा नीट न फुटलेला. तुम्ही पेटीच्या झाकणावर हात ठेवून त्याला एकच विचारलंत, बाहेर पडाले येळ व्हता का? तो हिंदीत म्हणाला, काका, वेळच मिळाला नाही, कुणालाच मिळाला नसता. ते ऐकलं आणि तुम्ही मोकळे झालात. मी पाहिलं ना. खांदे खाली आले, तोंड उघडलं आणि तुम्ही लहान मुलासारखे रडलात. चार बायकांनी मला धरलं होतं, पण मी रडत नव्हते. माझ्या डोक्यात एकच घण बसत होता. सुटले हे. भाकरी मोडत विचारलेला तो प्रश्न यांच्या लक्षातही नाही.

मग तो मित्र त्याची बॅग द्यायला मागच्या दारी माझ्याकडं आला. पाच-दहा मिनिटं होता. तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "त्यानी तुले काय सांगं?" मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हटलं, "वेळ होता म्हणाला, नाना. पण यानं विमान सोडलं नाही."

दाराच्या चौकटीला धरून जरा वेळ उभे राहिलात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन सांगितलंत, आता माझ्या हातात गाडी देऊ नका. निवृत्तीला सात महिने उरले होते, ते तुम्ही रजेवर काढलेत. घाटातली गोष्ट बंद झाली. पुढं माझा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना सुट्टीत धुळ्याला आला होता. त्याला माझ्याकडून कळलं होतं, तो तुमच्या मांडीवर बसून हट्ट धरू लागला, नाना, घाटातली गोष्ट सांगा. मी आत ताक घुसळत होते, माझा हात थांबला. तुम्ही त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणालात, "तो डायवर येडा व्हता, बेटा. उडी मारी देवाले पाह्यजे व्हती त्यानी." मी तेव्हा बाहेर यायला हवं होतं. मी ताक घुसळत राहिले.

अकरा वर्षं तुम्ही असेच जगलात. जेवायला बसलात की पहिला घास हातात धरून थांबायचात, हे कुणाला कळलं नसेल, मला कळायचं. मी ठरवून यायची की या खेपेला सांगायचं. बस आमच्या आधीच्या बिऱ्हाडाच्या शिंदखेड्याहून येवो की नंतरच्या जळगावहून, स्टँडवर उतरेपर्यंत वाक्य तयार असायचं, आणि तुम्ही पिशवी घ्यायला पुढं आलात की गिळायची. शेवटी तुम्ही दवाखान्यात होतात, दुपार होती, खाटेवर ऊन आलं होतं म्हणून मी पडदा ओढत होते. तुम्ही पाठीमागून विचारलंत, "येळ व्हता ना गं?" मी म्हटलं, नाना, बोलू नका, झोपा. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. लोक म्हणाले, पोराच्या दुःखानं झिजला माणूस. मी मान हलवली.

तर राहिलेली गोष्ट ही. तो मित्र मला तसं काही म्हणालाच नव्हता. बॅग खाली ठेवून त्यानं विचारलं, दीदी, मी इथं दोन मिनिटं उभा राहू? आणि भिंतीकडं तोंड करून रडला. मग रुमालानं चेहरा पुसून पुढं गेला. बाकी सगळं माझं. तुम्हाला रडताना पाहून मला राग आला होता, नाना, आणि माझ्या स्वतःच्या गप्प राहण्याचा राग मी तुमच्या पदरात टाकला. तुम्ही तो ओझ्यासारखा वाहत होतात तोवर मला माझ्याकडं बघावं लागत नव्हतं. आता हे कागद मी कुणाच्या पत्त्यावर टाकू? त्याला वेळ होता की नव्हता, मला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. मला मात्र अकरा वर्षं होता.