खिळ्याला अडकवलेलं लिंग

अप्पा,

तुमच्या धाकट्याला काल नांदेडच्या दवाखान्यातून उदगीरला घरी आणलं. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता. तुमचं शिंदी पिणं होतं, त्याच्या नशेच्या गोळ्या. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नशा करत राहिलं की सुख बोथट होतं, ओढ मात्र वाढते. ओळखीचा रस्ता, एखादा वास तेवढ्याला पुरतो. मेंदूतलं डोपामाइन माणसाला उठवून चालायला लावतं; तिथं पोचल्यावर काही मिळो न मिळो. मी ऐकत होते आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं.

आई भाकरी थापते आहे. सोमवारीच तिनं गळ्यातलं इष्टलिंग तुमच्या तळहातावर ठेवून शिंदी सोडल्याची आण घ्यायला लावली आहे. तुम्ही ते गळ्यातून काढता. कधीच अंगावरून न उतरलेलं लिंग दाराजवळच्या खिळ्याला अडकवता.

"चव लागंना आता," तुम्ही म्हणता. "पर पाय तिकडंच चालायलेत."

"पायाला डोळे फुटले का तुमच्या?"

"आण त्याची हाय. त्याला संगट कसं नेऊ?"

"म्हंजे देवाला घरी बसवून तुम्ही मोकळे!"

पिणं तिनं सोसलं असतं, लिंग उतरवणं नाही. त्या दिवसापासून तुमचं ताट बाहेर ओट्यावर गेलं, मग अंथरूणही. थंडीतल्या एका सकाळी तुम्ही उठला नाहीत. खिळ्यावरचं लिंग काढून तुमच्या तळहातात ठेवलं आणि आपल्या लिंगायत रीतीनं बसवून तुम्हाला माती दिली. देव टाकलेला माणूस, असं सगळे म्हणाले. तुम्ही त्याला तुमच्या मोडलेल्या शब्दापासून दूर ठेवत होता, हे कुणाला सुचलं नाही. चव लागत नाही, हा तर बहाणाच वाटला होता.

आज सकाळी आईनं धाकट्याचा हात धरला, त्याच्या गळ्यातलं लिंग त्यावर ठेवलं. "लिंगाची आण घे."

मी म्हटलं, "आण नको. घ्यावंसं वाटलं की मला सांग, एवढंच."

तो हसला. "ताई, वाटायच्या आधीच पाय निघतेत."

आई माझ्याकडे वळली. "मग भरवसा कशावर ठिवायचा?"



संध्याकाळी तो दूध आणायला म्हणून बाहेर पडला. डॉक्टरांचं सगळं मला समजलं आहे, अप्पा. तरी मी आधी खिळ्याकडे पाहिलं.