आता म्हणे हृदय तपासा!

सोमवार, ३ मार्च

एचआयव्हीच्या गोळ्या आणायला गेले तर आज नवीनच टूम! चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी हृदय तपासून घ्यायचं. मी म्हटलं, "मॅडम, गोळी एक दिवस चुकवत नाही. रिपोर्टात व्हायरस दिसतसुद्धा नाही. हे हृदय मध्येच कुठून आलं?"

डॉक्टर गायत्री मॅडम शांतच. "सुमनबाई, व्हायरस दबला तरी शरीर आतून धुमसत राहतं. रक्तवाहिन्या लवकर खराब होतात. हार्ट अटॅकचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट."

दुप्पट! ललितचे पप्पा याच आजारात गेले तेव्हा मला सांगितलं होतं, पोरगा दहावी होईपर्यंत काढाल कसंबसं. पोरगा आता मोबाइलच्या दुकानात कमावतो. मेले नाही म्हणून ही शिक्षा का?

गुरुवार, ६ मार्च

उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. सवयीने चहा प्यायले. परत पाठवलं. घरून, गोडादऱ्याहून रिक्षा, उन्हात रांग, सगळं फुकट!

शनिवार, ८ मार्च

दिलं एकदाचं रक्त. रांगेत सुकलाल भेटले. भेस्तानला कापडाच्या लूमवर कामाला असतात, मूळचे आमच्या अमळनेरकडचे. त्यांची बायकोही याच दुखण्याने गेली. गोळ्यांच्या रांगेतच ओळख झाली, आता कितीतरी वर्षांची. माझी पिशवी धरून उभे राहिले, मला धीर देत होते. मी विचारलं, "तुमची तपासणी कधी?" तर म्हणतात, "माले काय धाड भरेल शे!" आणि हे बोलताना दाढेखाली तंबाखू! अस्सा राग आला.

मंगळवार, ११ मार्च

रिपोर्ट आला. वय, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, सगळं मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये घातलं. "पुढच्या दहा वर्षांत अटॅक येण्याचा धोका कमी दाखवतोय." मी उठलेच.

"बसा. या हिशोबात एचआयव्ही धरलेलाच नाही. तुमच्यासारख्यांना तो कमीच दाखवतो."

मग केलात कशाला! बीपी थोडं वर आहे. मीठ कमी, पापड-लोणचं बंद आणि कोलेस्टेरॉलची गोळी रोज. आणखी एक गोळी! आणि बिनमिठाचा ठेचा खायचा कसा?

पण एक आहे. पुढच्या दहा वर्षांत – असं माझ्याबद्दल आजवर कोणी बोललंच नव्हतं. मी फार तर पुढच्या दिवाळीपर्यंतचं बोलते. रिक्षात डोळ्यांना पाणी आलं. त्याचाही रागच आला.

शुक्रवार, २१ मार्च

सुकलाल घरी आले. मी साडीला खडे चिकटवत बसलेली, हात गोंदाने भरलेले. चहा प्यायले आणि ललितच्या समोरच म्हणाले, "सुमनबाई, लग्न करू आपण. तुम्ही एकट्या, मी एकटा. एकमेकांपासून लपवायचं काही उरलं नाही."

या वयात! शेजारपाजारचे काय म्हणतील! आणि हा ललित दात काढतोय, वर इथल्या गुजरातीत – "मम्मी, हा पाडी दे ने!" हो म्हणून टाक म्हणे. आईचं लग्न म्हणजे याला गंमत वाटते.

मी म्हटलं, "आधी हृदय तपासा. तंबाखू थुंका. मग बोला."



बुधवार, २६ मार्च

गेले तपासायला. ईसीजी बिघडलेला. मॅडमनी लगेच मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. जिना चढताना कधीपासून छाती भरून येत होती – आणि हा माणूस गप्प! "वाटलं, लूमची धूळ असेल." धूळ! दुसऱ्यांना धीर देत फिरायचं आणि स्वतःचं असं!

शनिवार, २९ मार्च

सुकलालचा फोन. हृदयाची एक नळी बरीच बंद आहे, मंगळवारी स्टेंट घालणार. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "लग्नाचं सोडा आता. एक नवरा पोचवलात. पुन्हा तेच तुमच्या वाट्याला नको."

मी फोन आपटला. लग्नाचं काढलं यांनीच, मोडलंही यांनीच! मला काय हवंय ते विचारायची पद्धतच नाही जगात. डॉक्टरने वाचणार नाही सांगितलं तेव्हाही नाही, आताही नाही. सगळे परस्पर ठरवून मोकळे!

अख्ख्या पदराचे खडे तिरके लागले. सगळे काढून पुन्हा लावले.

मंगळवार, १ एप्रिल

बोलावलं नव्हतं तरी गेले. ते स्टेंटसाठी आत न्यायच्या स्ट्रेचरवर पडलेले. नर्सने मला अडवून नातं विचारलं, "तमे पेशन्टना कोण?"

"बायको," मी म्हटलं.